बापाने मागितलेला हुकूम

"तुम्ही माणसं उचलता. गुन्हा सांगत नाही, साक्षीदार उभा करत नाही, न्यायाधीशाचं तोंडही दाखवत नाही. कोऱ्या हुकुमांवर राजाची सही आधीच घेऊन ठेवता आणि मग सवडीने नावं भरता. या देशात चोरालासुद्धा निदान विचारतात, बाबा रे, चोरी केलीस का? ज्याने काहीच केलेलं नाही त्याला विचारायची तेवढीही तसदी तुम्ही घेत नाही. कुणी दिला तुम्हाला हा हक्क?"

एलोई ब्रेशारने कागद हातभर लांब धरला होता. जवळचं त्याला दिसत नसे आणि चारचौघांत चष्मा लावणं त्याला मंजूर नव्हतं. फ्रान्समधल्या निऑर गावच्या कातडी कमावणाऱ्यांच्या संघाने गाऱ्हाणी लिहायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. पावणेदोनशे वर्षांनी पहिल्यांदाच पाद्री, सरदार आणि सामान्य प्रजा अशा तिन्ही वर्गांची सभा भरणार होती. राजाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा त्याला प्रजा आठवली. तुमचं काय दुखतं ते लिहून पाठवा, असा सांगावा गावोगाव गेला होता. आणि गावोगाव लोक लिहीत सुटले होते.

दारात उभ्या असलेल्या पेरीनने शेवटचं वाक्य पडेपर्यंत वाट पाहिली. वाक्यं चांगली होती. बापाला लिहिता येतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्याला लाज येत नाही, हे मात्र परवाच कळलं होतं.

"वा, दाजी!" आंसेल्ममामाने टेबलावर अशी थाप मारली की घेवड्याच्या दाण्यांचं भांडं हललं. "हे ऐकून मंत्र्याच्या घशातला घास खाली उतरायचा नाही!"

"मंत्र्याचं राहू दे. आपला घास गार होतोय," पेरीन म्हणाली आणि आत आली.

बाहेर गल्लीत पोरं तोंडं रंगवून पातेली बडवत होती. उपवासाचे दिवस उद्यापासून लागणार होते, म्हणून आजच्या दुपारी ज्याच्या घरी जे मांस होतं ते सगळं शिजत होतं. ब्रेशारांच्या घरी या मंगळवारी सगळं कुटुंब जेवायला जमायचं. यंदा पेरीन सोडून सगळे जमले होते.

रादगोंद आत्या हातातली कढई तशीच धरून उभी राहिली. ती एलोईची बिनलग्नाची बहीण. भावजय गेल्यापासून घर तीच सांभाळत होती. "अगं... तुला निरोप मिळाला का?"

"नाही मिळाला, आत्या. म्हणून तर आले. निरोप चुकला असेल असं वाटलं."

पेरीनने लाकडी जोडे दाराशी काढले, हात धुतले आणि बाकावर मामाच्या शेजारी जाऊन बसली. समोर तिचा भाऊ ग्रेग्वार, त्याच्या शेजारी त्याची बायको दनीझ. दनीझने नकळत रुमाल नाकाशी नेला.

"वहिनी, रुमाल ठेव खाली. माशाच्या तेलाचाच वास आहे. याच वासातून तुझ्या अंगावरचं रेशीम आलंय."

"मी काही बोलले का?" दनीझ लाल झाली.

"नाही बोललीस. या घरात कुणीच काही बोलत नाही. सगळे सह्या करतात."

ग्रेग्वारचा चमचा थांबला. एलोईने कागदाची घडी केली, सावकाश, कड कडेला जुळवून. मग तो खुर्चीत बसला. "जेवायला आली आहेस तर जेव," तो म्हणाला. "भांडायला आली असशील तर तुझ्या घरी जा."

"जेवते ना." तिने ताटात डुकराचा तुकडा घेतला, पाव मोडला आणि खरंच जेवू लागली. तिला भूक होती. सकाळपासून ती गिरणीवर होती. हरणाची कातडी तेलात भिजवून घणाखाली घालायची, काढून वाऱ्यावर टांगायची, पुन्हा तेल, पुन्हा घण. नवरा व्हेनाँ गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की ही कारखाना भावाच्या हवाली करेल आणि काळे कपडे घालून चर्चच्या पायरीवर बसेल. संघाच्या नियमाप्रमाणे कारागिराची विधवा त्याचा शिक्का वापरू शकते. पेरीनने तो वापरला. नदीवरच्या गिरणीत व्हेनाँची जी पाळी होती तीही तिने सोडली नाही. ग्रेग्वारची पाळी तिच्यानंतर यायची आणि तोवर पाणी उतरलेलं असायचं. तीन उन्हाळे त्याने ते गिळलं होतं.

पाव संपल्यावर तिने हात पुसले.

"बाबा, मंत्र्यांचा कागद छान वाचलात. आता दुसरा वाचा. माझ्या नावाचा."

"कसला कागद?" मामाने विचारलं. या टेबलावर खरोखर काही ठाऊक नसलेला तेवढा एकच माणूस होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मामा, तुझी सही आहे त्यावर. तूच सांग कसला ते."

"माझी?"

"परवा सुभेदाराच्या कचेरीतला कारकून आमच्या गल्लीत आला होता," पेरीन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली. "माझ्या दाराशी नाही आला. समोरच्या तेलवालीला विचारलं, ही बाई दारू पिते का? रात्री-अपरात्री हिच्याकडे कोण येतं? ही एकटीच बडबडते का? तेलवाली म्हणाली, बडबडते ना, मी तेलात पाणी घातलं की तासभर बडबडते. मग तो पाद्रीबाबांकडे गेला. पाद्रीबाबा घाबरट असले तरी खोटं बोलत नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं. पोरी, तुझ्या बापाने राजाकडे अर्ज केलाय. माझ्या मुलीची मती फिरली आहे. ती स्वतःला आणि घराण्याला बुडवायला निघाली आहे. तिला मोहरबंद हुकुमाने मठात ठेवून घ्यावं. खाली सह्या आहेत. बाप, भाऊ, आत्या. आणि आईच्या बाजूने मामा. दोन्हीकडचे नातेवाईक लागतात ना? त्याशिवाय राजा घरगुती भानगडीत पडत नाही म्हणे. फार सभ्य आहे आपला राजा."

"मी असलं काहीही..." मामा अर्धवट उठला. "दाजी, काय म्हणतेय ही?"

एलोईने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "आता अंग काढून घेऊ नकोस, आंसेल्म. तुला पटलं म्हणून तू सही केलीस."

"मला काय पटलं? कधी?"

"गेल्या आठवड्यात," ग्रेग्वार ताटात बघत म्हणाला. "तुझ्या नावेवर. मी कागद आणला होता."

मामा पुन्हा बाकावर टेकला. मग तो हळूहळू, एकेक शब्द तोडत बोलू लागला. "नावेवर तू जो कागद आणलास तो गाऱ्हाण्यांचा होता."

"मी तसं म्हटलं नव्हतं."

"अरे, मी विचारलं तुला! नदीवरच्या जकात नाक्यांचं आहे ना यात? तू म्हणालास, सगळं आहे मामा, तू कर सही!" मामाने सगळ्यांकडे वळून पाहिलं. "त्या आठवड्यात मी किती कागदांवर सह्या केल्या याची गणतीच नाही. नावाड्यांच्या कागदावर केली. आमच्या गावच्या कागदावर केली. सासुरवाडीला गेलो तर तिथेही कागद घेऊन बसले होते, त्यांचाही मान राखला. जन्मात कुणी माझं मत विचारलं नव्हतं, आता जो तो दौत घेऊन धावत येत होता! डोळ्यांवर ऊन होतं, नावेत कोबी भरायचे होते, आणि भाचा समोर उभा. भाच्याने आणलेला कागद वाचून बघायचा असतो हे मला कुणी शिकवलं नाही."

दनीझला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात लपवलं. पेरीन मात्र हसली नाही. मामाने सही जाणूनबुजून केली असेल असं तिने दोन रात्री धरलं होतं, आणि आता तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं. पण ते उतरू द्यायची ही वेळ नव्हती.

एलोई खुर्चीत वळला. "ग्रेग्वार. तू मला सांगितलंस, मामा राजी आहे."

"बाबा, तो झालाच असता..."

"तू मला सांगितलंस, त्याने वाचलं, विचार केला आणि सही केली."

"तुम्हीच म्हणालात ना, आईच्या बाजूची सही कशीही करून आण!"

"कशीही म्हणजे समजावून!"

"मला कसं कळणार तुमच्या मनातलं?" ग्रेग्वार भडकला. पस्तिशीचा पुरुष, दोन लेकरांचा बाप, आणि आवाज मार खाल्लेल्या पोरासारखा. "तुम्हाला काम झालेलं हवं असतं. कसं झालं ते तुम्ही कधी विचारता?"

एलोईचे कान लाल झाले. "मला फसवलं गेलं," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "मला खोटं सांगितलं."

"झालं," पेरीन म्हणाली. "प्रत्येक राजा हेच म्हणतो. मी चांगला, माझी माणसं वाईट. मला कुणी सांगितलंच नाही. बाबा, तुम्ही स्वतः याच टेबलावर म्हणायचात, व्हर्सायच्या राजवाड्यातून हे ऐकून ऐकून कान किटले."

"पेरीन, तोंड सांभाळ."

"सांभाळूनच बोलतेय. न सांभाळता बोलले असते तर तुमच्या कारकुनाला पुरावा मिळाला असता."

तिने कमरेच्या खिशातून एक दुमडलेला कागद काढला आणि ताटाशेजारी ठेवला. "पाद्रीबाबांनी लिहून दिलाय. अर्ज मागे घेतोय, एवढंच आहे. आम्ही खाली सह्या करणारे आमची विनंती परत घेत आहोत, आमची मुलगी शहाणी आहे. कचेरी संध्याकाळी बंद होते. उद्या राखेचा बुधवार, उद्या कोणी भेटणार नाही. आणि प्वातिएहून सुभेदाराचं टपाल परवा येतं. त्यात काय येईल ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही."

"आण इकडे ती दौत," मामा म्हणाला. "रादगोंद, दौत आण. आणि दिवा आण. या खेपेला मी वाचून करणार आहे."

त्याने वाचलं. बोट ठेवून, ओठ हलवत, प्रत्येक शब्द. सगळे थांबले. मग त्याने सही केली, आणि तिच्याखाली पुन्हा एक रेघ ओढली, जणू पहिल्या सहीवर.

"घे. आणि माझं डोकं फिरलंय का तेही विचार कुणाला तरी. माझ्या बहिणीच्या पोरीला मी स्वतः कोंडायला निघालो होतो."

पेरीनने कागद आत्यासमोर सरकवला.

रादगोंद आत्या अजून उभीच होती. तिने हात कमरेच्या फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. "मी कशी करू? या घरात मी याच्या जिवावर राहते. उद्या हा म्हणाला, चालती हो, तर मी कुठे जाऊ?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे?" आत्याने आवाज खाली आणला, पण टेबल छोटं होतं. "आणि तो? तो तुझा इझाक, तू लग्न करणार आहेस तो प्रोटेस्टंट. तो मारियामातेपुढे मेणबत्ती लावत नाही, पाद्रीला मानत नाही. मी या वयात त्याच्या हातचं जेवू?"

"तो स्वयंपाक करत नाही, आत्या. इतकाही सुधारलेला नाही. चर्चला तू जा. तो तुला दारापर्यंत सोडेल आणि बाहेर थांबेल. पाऊस असला तरी थांबेल. तू प्रवचन जरा आवरतं घ्यायला सांग पाद्रीबाबांना."

आत्याच्या तोंडाचा कोपरा हलला. ती खाली बसली, आणि भावाकडे न बघता तिने सही केली. अक्षर मोठं, गिरवल्यासारखं.

"रादगोंद," एलोई म्हणाला.

"तू मला सांगितलंस दोन वर्षं राहील, मन शांत होईल," आत्या अजूनही कागदाकडेच बघत म्हणाली. "पण पोरगी समोर बसून जेवली तेव्हा मला दिसलं ना. हिचं मन शांतच आहे. मन अशांत आहे ते आपलं."

आता एलोईने दोन्ही हात टेबलावर टेकले. त्याला ओरडायची सवय नव्हती. तो बोलायला लागला की लोक ऐकत, म्हणून ओरडायची गरजच पडली नव्हती.

"ऐक, पोरी. सगळे ऐका. मंत्र्याने काढलेला हुकूम वेगळा आणि बापाने मागितलेला हुकूम वेगळा. मंत्री सूड घेतो. बाप वाचवतो. तू ज्याच्याशी लग्न करायला निघालीस तो दुसऱ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर काम करतो. त्याचा धर्म वेगळा. वर्षापूर्वीपर्यंत त्यांच्या लग्नांना कायदा लग्न म्हणत नव्हता, त्यांच्या पोरांना औरस म्हणत नव्हता. राजाने परवानगी दिली, उद्या दुसरा मंत्री येऊन काढून घेईल. तेव्हा तू काय करशील? मठात वाईट काय आहे? बेनेडिक्टिन बायका आहेत. चांगलं खायला मिळतं. बाग आहे."

"बागेला भिंत आहे?"

त्याने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने एका जागी लोटले.

"किती उंच आहे, बाबा? तुम्ही बघून आलात ना?"

"विषय बदलू नकोस. हे घराणं राजाने उभं केलंय. तुझ्या खापरपणजोबांनी घोडदळाच्या विजारींचं कातडं पुरवलं, तेव्हा आपल्याकडे गिरणीत पाळीसुद्धा नव्हती. एक राजा, एक धर्म, एक शब्द. त्यावर हे छप्पर उभं राहिलं. आज राज्य का मोडतंय? तिथे दहा तोंडं बोलतात म्हणून. इंग्रजांशी करार झाला, त्यांचा माल आपल्या बाजारात आला, सैन्याची मागणी थांबली, आणि विचारायला गेलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझ्या घरात मी ते होऊ देणार नाही. माझ्या घरात एकच शब्द चालेल."

गेल्या पाच पिढ्या ब्रेशारांच्या घरात हे भाषण कुठल्या ना कुठल्या शब्दांत होत आलं होतं, आणि प्रत्येक पिढीत ते ऐकून कुणीतरी मान खाली घातली होती. पेरीननेही घातली होती. सोळाव्या वर्षी, बापाने व्हेनाँशी लग्न ठरवलं तेव्हा. नशीब म्हणून व्हेनाँ भला निघाला. पण माणूस भला निघणं न निघणं हे नशिबावर सोडायचं आणि त्याला व्यवस्था म्हणायचं, हे तिला आता मान्य नव्हतं.

"त्या विजारी कुणी घातल्या, ठाऊक आहे ना?" तिने विचारलं.

"सैनिकांनी घातल्या. आणखी कुणी घालायच्या?"

"कुठल्या सैनिकांनी? लढाईवर गेले ते? की आपल्याच प्रांतात इझाकच्या लोकांच्या घरात मुक्कामाला सोडले ते? इझाकची खापरपणजी बाळंतीण होती. तिच्या घरात घोडेस्वार उतरवले. खाटेवर बूट घालून झोपायचे, रात्रभर ढोल वाजवायचे, बाईला डुलकी लागली की उठवायचे. तिने धर्म सोडला तेव्हा ते शेजारच्या घरात गेले. ही गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात. आपल्या घरात दुसरी सांगतात. आपल्याला पहिली मोठी मागणी कशी मिळाली ती. बाबा, गोष्ट एकच आहे. आपण वरून ऐकली, त्यांनी खालून."

"शंभर वर्षांपूर्वीचं माझ्या माथी मारू नकोस!"

"नाही मारत. खापरपणजोबांनी कातडं विकलं, त्यांना विचारलं कुणी? तुम्ही मात्र स्वतः होऊन अर्ज केलात. राजा तुमच्या दारात आला नव्हता. तुम्ही त्याला बोलावलंत. माझ्या खोलीत, माझ्या खाटेपाशी. तो काही एकटा एवढा मोठा झाला नाही. घराघरातून बापांनी, नवऱ्यांनी, भावांनी त्याला हाका मारल्या. ये बाबा, माझी मुलगी ऐकत नाही. ये, माझी बायको आवरत नाही. माझा भाऊ वाटणी मागतो, ये. आणि आता तुम्हीच विचारता, तुला हा हक्क कुणी दिला?"

गल्लीतली पातेली लांब गेली होती. ग्रेग्वारने वाइनचा पेला उचलला, रिकामा आहे हे त्याला दिसलं, आणि त्याने तो तसाच हातात धरून ठेवला.

दनीझ अचानक बोलली. "ग्रेग्वार, मी वेडी झाले तर कोण ठरवेल?"

"काय?"

"मी वेडी झाले असं कोण ठरवेल? तू आणि माझा भाऊ. बरोबर ना? एक तुझ्या बाजूचा, एक माझ्या बाजूचा. आणि माझा भाऊ तुझ्याकडून कातडं उधार घेतो."

"दनीझ, हे काय वेड्यासारखं..." ग्रेग्वारने जीभ चावली.

"बघ," दनीझ म्हणाली. "किती लवकर झाले."

आंसेल्ममामा मोठ्याने हसला. मग त्याला दनीझच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं आणि त्याने हसू आवरलं. तिने दौत उचलली आणि नवऱ्यापुढे ठेवली. तिची सही अर्जावर नव्हती, मागे घ्यायला तिच्याकडे काही नव्हतं. जे होतं ते तिने केलं.

"गिरणीची पाळी तुला हवी होती ना, दादा?" पेरीनचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "मागायचीस. पाणी उतरतं मला दिसत नाही का? मी अर्धा दिवस सोडला असता. एका शब्दाचं काम होतं. त्यासाठी तू प्वातिएपर्यंत गेलास."

"बाबा म्हणाले..."

"बाबा म्हणाले हे मला माहीत आहे. तू काय म्हणतोस?"

ग्रेग्वारने बापाकडे पाहिलं. जन्मभर तो तसाच बघत आला होता. कातडं किती ओलं हवं, बायको कुठली हवी, पोराचं नाव काय हवं, सगळं त्या चेहऱ्यावरून वाचायचं. आज त्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्याने टाक उचलला, बुडवला, शाईचा एक डाग पाडला आणि सही केली. सही करताना त्याचा श्वास ऐकू येत होता.

"झालं माझं," तो म्हणाला आणि उठून खिडकीपाशी गेला, सगळ्यांकडे पाठ करून. "पाळी राहू दे. नंतर बघू."

आता कागद फिरत फिरत एलोईपुढे आला. पेरीनने तो स्वतः सरकवला नाही. मामाने आत्याकडे दिला, आत्याने एलोईकडे.

"तुमची नसेल तर बाकीच्यांच्या सह्यांना किंमत नाही," पेरीन म्हणाली. "अर्जदार तुम्ही आहात. पाद्रीबाबांनी नीट सांगितलंय. मामा नाही म्हणाला तरी सुभेदार म्हणेल, बापाला जास्त कळतं. आत्या नाही म्हणाली तर म्हणेल, बाई आहे, विरघळली. इथे चार माणसांनी तोंड उघडलं, आणि तरीही माझं पुढे काय होणार हे एकाच माणसाच्या हातात आहे. तुम्हाला हवं होतं तसंच."

एलोईने कागद उचलला. हातभर लांब धरला. वाचला. पुन्हा वाचला. त्याचा हात दौतीकडे गेला नाही.

"सही केली तर संघात काय तोंड दाखवू?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो आवाज साठ वर्षांच्या माणसाचा होता. "कचेरीत सगळ्यांना कळेल. ब्रेशारने मुलीविरुद्ध अर्ज केला आणि मुलीने तो मागे घ्यायला लावला. माझं कोण ऐकेल मग?"

"नाही केली तर कोण ऐकेल, बाबा?"

"मी तुझा बाप आहे."

"आहात. म्हणूनच दार ठोठावून आले. मंत्र्याकडे गेले असते तर खिडकीतून दगड मारला असता."

आत्याने क्रूस केला. मामा पुटपुटला, "ही तंतोतंत हिच्या आईवर गेलीय," आणि कुणी दुजोरा दिला नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊकच होतं.

पेरीन उठली. लाकडी जोड्यांत पाय घातले, शाल खांद्यावर घेतली. ती दारापाशी थांबली पण मागे वळली ती रडायला नाही. तिला त्याचा चेहरा नीट बघायचा होता.

"मी आता गिरणीवर जातेय. माझी कातडी घणाखाली आहेत, ती कुणासाठी थांबत नाहीत. लग्न इस्टरनंतर न्यायाधीशापुढे होईल, तुम्ही या, नका येऊ. पळून मी जाणार नाही. इझाक म्हणाला, मावशीकडे ला रोशेलला जाऊ, तिथून जहाज मिळतं. मी नाही म्हणाले. माझं घर आहे, माझा शिक्का आहे, माझी पाण्याची पाळी आहे. मी कुठेही जात नाही. माझ्या दाराशी येणारी दोनच माणसं आहेत. एक तर हातात मोहर घेऊन घोडेस्वार येतील, माझं नाव विचारतील आणि कारण सांगणार नाहीत. नाहीतर तुम्ही याल, हा कागद कचेरीत देऊन. मी दार उघडं ठेवते. आत मात्र एकालाच घेईन."

कागद एलोईच्या हातात होता, दौत वीतभर अंतरावर.

"सुभेदाराचं उत्तर परवा येईल. मला परवापर्यंत थांबायचं नाही. त्याचं उत्तर मला नकोच आहे. बाबा, तुम्ही सांगा. आत्ता, यांच्यासमोर. कोण येणार?"